काळ्या टेंभीचं पाणी

काळी टेंभी (उत्तर बाजू), ता. तळोदा
१८ नोव्हेंबर २०२४

ती. गिरधरमामांस,
हेमकांतचा साष्टांग नमस्कार.

रविवारी लग्नाच्या पंगतीत तुम्ही मला विचारले, "इतला वरीस टेंभीवर हिंडी ऱ्हायना, काय सापडनं रे तुले? दगडंच ना?" सगळी पंगत हसली. वाढणाराही हसला. उत्तर तिथेच द्यायचे होते. तुम्हाला ऐकू येत नाही, मोठ्याने ओरडावे लागते, आणि ओरडताना माझे शब्द अडकतात. फोनवरही तेच होते. म्हणून लिहितो. अकरावीत शाळा सुटली असली तरी लिहिता येते.

मला राग आला आहे, हे आधी लिहून ठेवतो.

आता टेंभीत काय आहे ते. आपल्याकडचा सगळा काळा दगड जमिनीतून वर आलेल्या तप्त रसाचा आहे, थरावर थर बसलेला. टेंभी तशी नाही. जुन्या थरांना उभी भेग पडली, त्या भेगेत रस चढला आणि तिथेच गोठला. पुढे आजूबाजूचा मऊ मुरूम पावसाने वाहून गेला आणि आतली काळी भिंत उघडी पडली. म्हणून टेंभी गोल नाही. बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखी पूर्व-पश्चिम लांब आहे. माथ्यावरचे दगड लाकडाच्या थप्पीसारखे आडवे रचलेले दिसतात. लोक म्हणतात, राक्षसांनी एका रात्रीत रचले. कुणी रचले नाहीत. रस दोन्ही बाजूंनी थंड होत गेला तसा तो आडवा तडकला.

तुमच्या दक्षिण बाजूला सालई, मोई, अंजन आणि पांढऱ्या सालीचा कांडोळ आहे. सगळी कमी पाण्यावर जगणारी झाडे. आमच्या उत्तरेला उंबर, जांभूळ, करंज, अर्जुनसादडा, आणि झिऱ्याच्या कपारीत नेचे. पावसाच्या तोंडाशी नवरंग पक्षी येतो तो याच बाजूला. एका लहान टेकडीच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या का? थोडे उन्हामुळे, बाकी पाण्यामुळे. सातपुड्याचे पाणी जमिनीखालून तापीकडे उतरते. वाटेत ही भिंत आडवी येते आणि तिच्यातून पाणी जात नाही. ते आमच्या बाजूला अडून राहते. म्हणून झिरा मे महिन्यातही वाहतो. आईची विहीर तुमच्या विहिरीच्या निम्मीही खोल नाही, तरी तिला पाणी असते, आणि तुमची फेब्रुवारीत कोरडी पडते.

भिंत सगळीकडे सारखी जाड नाही. तुमच्या विहिरीच्या मागे, मोहाच्या झाडाच्या रेषेत, ती सर्वांत अरुंद आहे. दोरीने मोजली, वीस हात भरली. बरोबर तिच्या पलीकडे आमचा झिरा आहे. म्हणजे मामा, तुम्ही विहिरीवर बसून बिडी ओढता तेव्हा वीस हातांवर खेकडे पाण्यात बसलेले असतात. हे तुम्हाला माहीत होते का? नव्हते. म्हणून दगड म्हणालात.

आई बरी आहे.

आपला भाचा,
हेमकांत


२६ जानेवारी २०२५

चि. हेमकांतास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रागावू नकोस. पंगतीत माणूस काहीही बोलतो. पण तू हुशार निघालास, हे आता साऱ्या गावाला कळलं आहे. कसं ते सांगतो.

तुझ्या पत्रावरून मी विहिरीत आडवं बोअर घेतलं. मशीन विहिरीच्या तळाला सोडतात आणि खाली भोक न पाडता बाजूला, भिंतीत पाडतात. मशीनवाला मोहाच्या झाडाकडं तोंड करायला तयारच नव्हता. म्हणे तिकडं काळा दगड आहे, बिट जाईल, पाणी नाही लागायचं. मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. वीस हात, पुढं झिरा. दोन बिटं गेली. तो मला शिव्या देत असणार, तोंड तसंच हलत होतं. आणि मग आतून असा झोत आला की तो पडता पडता वाचला.

इतकी वर्षं पाणाड्याच्या मागं नारळ घेऊन हिंडलो. पाणी दाखवलं ते माझ्या भाच्यानं. मी सगळ्यांना असंच सांगतो. दक्षिणेच्या दोन्ही शेतांत पपई लावतोय. रोपं सांगून ठेवली आहेत.

नवल सालदाराबरोबर पेढे पाठवले आहेत. माझ्या छबूला पहिला पेढा दे. म्हणावं, तुझ्या पोरानं भावाचं रान हिरवं केलं.

गिरधरमामा


१९ फेब्रुवारी २०२५

मामा,

पेढे आईने देवापुढे ठेवले. भावाला पाणी लागले म्हणून ती दिवसभर खूष होती. तुमचे पत्र मी तिला अर्धेच वाचून दाखवले, कारण पुढे बोअरचे आले तसा मी उठून झिऱ्यावर गेलो.

मी ते पत्र तुम्ही दगड म्हणालात म्हणून लिहिले होते. भोक कुठे पाडायचे हे सांगायला लिहिले नव्हते.

झिरा वाहायचा थांबला आहे. डबक्यात पाणी आहे, पण ते हलत नाही, वर हिरवी साय धरली आहे. आईची विहीर खाली गेली. पोहरा आता खडकाला घासतो, तो आवाज घरात ऐकू येतो. तुम्ही म्हणाल, पाऊस कमी. यंदा पाऊस नेहमीपेक्षा जास्त झाला, हे तुम्हीच लग्नात सांगत होतात.

नवीन पाणी लागलेले नाही, मामा. भिंतीच्या या बाजूचे होते ते त्या बाजूला गेले. माठाला खालून भोक पाडून कुणी म्हणावे की मला पाणी सापडले, तसे हे आहे.

भोक बुजवा. पपई लावू नका. आता बंद केले तर उन्हाळ्यापुरते काही वाचेल. उशीर केला तर पुढच्या पावसाशिवाय झिरा भरणार नाही, आणि तोवर झाडे थांबणार नाहीत.

हे पत्र पुन्हा पुन्हा लिहावे लागले. आधीच्या कागदांवर शिव्या होत्या. ते चुलीत घातले.

हेमकांत


१७ मार्च २०२५

चि. हेमकांतास आशीर्वाद.

तुझ्या पत्राला मी उत्तर देणार नव्हतो. मामाला माठ फोडणारा म्हणायचं, एवढा तू मोठा झालास. झिरे आटतात, परत भरतात. माझ्या डोळ्यांदेखत दहा आटले. जमिनीखालचं पाणी कुणाच्या नावावर नसतं. ज्याच्या विहिरीत येईल त्याचं. टेंभीच्या पोटात काय चाललंय ते तू आत जाऊन पाहिलंस का?

आज लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. होळीला माझ्या विहिरीत कुणीतरी रंग टाकला. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मोटर लावली तर पाट लालभडक. पपईच्या बुडाशी लाल चिखल. तुझी मामी म्हणाली, देवीचा कोप आहे, ओटी भरा. ओटी कसली भरायची, हे काम नवलचं. काठी गावच्या होळीला जायची सुट्टी मागत होता, मी दिली नाही. पपईची रोपं नुकती लावलेली, पाणी कुणी धरायचं? त्याचा डूख त्यानं काढला. विचारलं तर मान खाली घालून म्हणतो, "मी नही, बापू." दोन थोबाडीत दिल्या आणि कामावरून काढून टाकला. पाच वर्षं माझ्या घरी जेवला तो माणूस.

माझ्या पाण्यावर साऱ्यांची नजर आहे. तू तरी त्यांच्यात जाऊ नकोस.

गिरधरमामा


२२ मार्च २०२५

मामा,

रंग मी टाकला.

तुमच्या विहिरीत नाही. तुमच्या विहिरीच्या आसपासही मी आलो नाही. आमच्या झिऱ्याच्या डबक्यात टाकला, जिथून पाणी खाली चोरासारखे जाते तिथे. तळोद्याला गौतमचंद शेठच्या दुकानातून खाण्याचा लाल रंग आणला, मिठाईत घालतात तो. शेठ म्हणाले, "इतका रंग? हलवाई झाला का भाऊ?" खाण्याचाच घेतला, कारण ते पाणी तुमची गुरे पितात. साधा रंग टाकला असता तर मला झोप लागली नसती. होळीच्या दिवसांत टाकला, कारण तेव्हा लाल पाणी पाहून कुणी घाबरणार नाही, असे मला वाटले. तुम्ही माणसाला माराल, असे वाटले नाही.

मी रोज तुमच्या पत्राची वाट पाहत होतो. लाल पाणी पाहून मामा बोअरच्या तोंडाकडे पाहतील, त्यांना समजेल, असे मला वाटत होते. तुम्ही बोअरच्या तोंडाकडे पाहिलेच नाही. नवलच्या तोंडाकडे पाहिले.

पाणी कुणाच्या नावावर नसते म्हणता. रंग माझ्या हातचा होता. तो वीस हात काळा दगड ओलांडून तुमच्या पाटात आला. टेंभीच्या पोटात काय चालले आहे ते मी आत न जाता पाहिले. तुम्हालाही दाखवले.

इकडे काय चालले आहे तेही वाचा. जांभळाचा मोहोर करपून खाली पडला. उंबराची फळे हिरवीच गळतात आणि माकडे ती हुंगून टाकून देतात. कपारीतले नेचे बिडीच्या पानासारखे चुरतात. खेकडे ओल शोधत बिळे खाली खाली नेत होते. आता ते बिळांच्या तोंडाशी पालथे पडलेले सापडतात आणि मुंग्या त्यांना आतून पोखरतात. करंजावरचे मधमाश्यांचे पोळे रिकामे झाले. आई विहिरीतून चिखल उपसते, फडक्याने गाळते, मग स्वयंपाक करते. हे ती तुम्हाला कळवू देत नव्हती. मी कळवतो.

नवलच्या घरी जाऊन त्याची माफी मागा. मी जाऊन आलो. त्याच्या आईने मला ओट्यावर चढू दिले नाही.

भोक बुजवा.

हेमकांत


११ मे २०२५

हेमकांत,

तुझ्या आईला घेऊन जा.

मार्चच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते मामानं भाच्याला लिहायचं नसतं. पण आता लिहिल्याशिवाय इलाज नाही. अक्षय्यतृतीयेच्या आखाजीला मी दरवर्षी जीप पाठवतो. लेकीबाळी माहेरी येतात, झोके घेतात, पुरणपोळी खातात, पातळ घेऊन आपल्या घरी जातात. यंदा जीप निघायच्या आधीच छबू टेंभी चढून पायी आली. डोक्यावर रिकामी घागर. कुणाशी न बोलता विहिरीवर गेली, दोरानं घागर बोअरच्या धारेखाली सोडून भरली, आणि तुझ्या बापाच्या नावाची ती घागर माझ्या ओट्यावर पुजली. गेलेल्या नवऱ्याची आखाजीची घागर बाईनं आपलं घर सोडून माहेरी भरायची, हे कुठं असतं का? मी विचारलं, छबू हे काय? तर सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणते, "मन्हं पानी तुन्हा घर उनं, म्हणीसन मी बी उनी." पाण्यामागं आली म्हणे.

आखाजी झाली. सगळ्यांच्या लेकी गेल्या. ही बसली आहे. मामीनं पातळ दिलं, हात लावला नाही. घरात भरलेल्या माठातलं पाणी पीत नाही. स्वतः विहिरीवर जाऊन तांब्या भरून आणते. कधी जाशील विचारलं की एकच, "पानी तठे जाई तवय मी जासू." संध्याकाळी गल्लीतल्या बाया तिच्याजवळ येऊन बसतात. मला पाहिलं की गप्प होतात. मला ऐकू येत नाही हे माहीत असून गप्प होतात, याचा अर्थ मला समजतो.

मी तिला म्हटलं, टेंभीवरून पाईप टाकून देतो. मोटर माझी, वीज माझी, तुझ्या दारात पाणी. तर म्हणते, "जांभूयले बी पाईप लावशी का?" हे तूच तिच्या डोक्यात भरवलं आहेस.

लाल पाण्याचं मला समजलं. मी खुळा नाही. पण पपई आता कमरेएवढी झाली आहे. आज पाणी तोडलं तर उभी वाळेल. तुझ्या झाडांना जीव आहे, माझ्या झाडांना नाही का?

एक ध्यानात ठेव. तुझा बाप गेला तेव्हा उत्तरेची जमीन मी तिच्या नावावर करून दिली. कोणता भाऊ देतो? आज लोक म्हणतात, खडक दिला. खडकच होता. तिथं पाणी आहे हे मला कुठं माहीत होतं?

गिरधर


१५ मे २०२५

मामा,

आईला मी नेणार नाही. ती मला विचारून गेली नाही आणि माझे ऐकून परतही येणार नाही. तिच्या डोक्यात मी काही भरवले नाही. घागर घेऊन निघाली तेव्हा मी तिला म्हटले, मामा चिडतील. ती म्हणाली, "चिडू दे."

जमिनीचे तुम्हीच लिहिलेत, म्हणून मीही लिहितो. खडक समजून दिलात. पाणी आहे हे समजल्यावर जमीन आमच्याकडे ठेवलीत आणि पाणी परत घेतलेत. खडक तेवढा आमच्याकडे राहिला.

आता दुसरे. काल तुम्ही तळोद्याला बाजाराला गेलात, तेव्हा मी तुमच्या विहिरीत उतरलो. पायऱ्या अर्ध्यापर्यंतच आहेत, पुढे दोराने. दोर नवलने धरला. त्याला मी बोलावले, तो आपण होऊन आला नाही. होळीला त्याने काही केले नव्हते आणि काल त्याने फक्त दोर धरला. बाकी सगळे माझे काम आहे.

बोअरच्या तोंडात मी बाभळीची खुंटी ठोकली. आदल्या दिवशी झाड तोडून तिला निमुळते केले होते. भोवती डांबर लावलेले गोणपाट गुंडाळले. पाण्याचा जोर छातीवर येत होता, हातोडा दोनदा सुटला. वरून सिमेंट लिंपले. मला सगळ्या गोष्टींची भीती वाटते हे तुम्हाला माहीत आहे. पाण्याचा आवाज बंद झाला तेव्हा ती गेली.

वर आलो तर आई काठावर होती. तिने फक्त माझ्या कपाळाचा चिखल पुसला आणि घरात गेली.

तुमच्या विहिरीत न विचारता उतरलो, हा गुन्हा आहे. पोलिसांत जायचे असेल तर जा. मी घरीच आहे. नवलचे आणि आईचे नाव घालू नका. पपई वाळली तर वाईट वाटेल, खोटे लिहीत नाही. झाड कुणाचेही असले तरी वाळताना सारखेच दिसते. पण तुमची पपई तुम्ही फेब्रुवारीत लावलीत, माझे पत्र हातात असताना लावलीत. जांभूळ माझ्या आजोबांच्याही आधीचे आहे.

खुंटी काढलीत तर मी पुन्हा ठोकीन.

हेमकांत


१९ मे २०२५

हेमकांत,

तू ओली खुंटी ठोकलीस. ओलं लाकूड काय फुगणार? वाळलेलं ठोकतात. ते पाणी पिऊन फुगतं आणि भोक घट्ट धरतं. आणि वाहत्या पाण्यात सिमेंट कसलं लिंपतोस? सगळं धुऊन विहिरीच्या तळाला गेलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बाजूनं धार चालू. माझ्या पपईला पुरत नाही आणि तुझ्या झिऱ्याला थांबत नाही, असं करून ठेवलंस. टेंभीचा सगळा इतिहास पाठ, आणि साधी खुंटी ठोकता येत नाही.

मी मिस्तरी बोलावला. खुंटी उपटून काढायलाच बोलावला होता, खोटं कशाला लिहू. तो दोरानं खाली गेला, मी शेवटच्या पायरीवर उभा राहिलो. त्यानं खुंटी हलवून पाहिली आणि मला विचारलं, "काढू का ठोकू?"

मी वर पाहिलं. छबू काठावर येऊन बसली होती, पाय विहिरीत सोडून. बोलत काही नव्हती. बोलली असती तर मी "काढ" म्हटलं असतं. चार शब्द टाकून भांडली असती, तरी "काढ" म्हटलं असतं. मिस्तरीला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून तो पुन्हा ओरडला. मी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

तुझी खुंटी काढून त्या जागी लोखंडी पाईप ठोकून घेतला. तोंडाला झाकण आवळलं, भोवती पाण्यात धरणारं सिमेंट भरलं. आता थेंब येत नाही. एक शेत सोडून दिलं. तिथल्या पपईत कालपासून गुरं सोडली आहेत. दुसरं विहिरीत साठलेल्या पाण्यावर पावसापर्यंत जगलं तर जगलं. मी तुला माफ केलं असं समजू नकोस. मला विचारून उतरला असतास तर मी नाहीच म्हटलं असतं, तरीही विचारायला हवं होतंस.

नवलकडे जाऊन आलो. त्याच्या आईनं खाट टाकली, पाणी विचारलं नाही. मी जे बोलायचं ते बोललो. तो म्हणाला, कामावर येणार नाही.

घरी येऊन छबूला म्हटलं, भोक बंद झालं, चल तुला सोडून येतो. तर म्हणते, "झाकण लागनं, पानी अजून तठे गयं नही." झिऱ्यात डोळ्यांनी पाणी दिसल्याशिवाय जायची नाही म्हणे. म्हणजे पाऊस पडून जमीन मुरेपर्यंत ती इथंच. मामीचं आणि तिचं रोज चुलीवरून भांडण लागतं, आणि दोघी निवाड्याला माझ्याकडं येतात. मी ऐकू येत नाही असं सांगतो.

तिची दोन पातळं आणि चष्मा जीपवाल्याबरोबर पाठव. आणि तू तिथं एकटा काय शिजवून खातोस ते लिही. ती विचारत नाही, पण जीप आली की दारात जाऊन उभी राहते.

गिरधरमामा